बायला मी गप्प केलं

माझ्या मोठ्या बहिणीचं गाणं बंद पडलं त्याला कारण मी आहे. हे मला तोंडावर कुणी म्हणत नाही, ती स्वतः तर मुळीच नाही. पण मला ठाऊक आहे आणि तिलाही ठाऊक आहे. लोक विचारतात तेव्हा ती सांगते, "वय झालं गो आता, दम पुरत नाही." दम! सहासष्टाव्या वर्षी कोपरीतल्या बिनलिफ्टच्या बिल्डिंगचे तीन जिने दोन्ही हातांत बाजाराच्या पिशव्या घेऊन चढते, आणि म्हणे दम पुरत नाही.

तिला मी बाय म्हणते. आम्ही मूळच्या बाळकुमच्या. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि बाय चौदाची. मला वाढवलं तिनेच, म्हणजे वेणी घालण्यापासून कानाखाली वाजवण्यापर्यंत सगळं. गायलाही तिनेच शिकवलं. मे महिन्यात गल्लीतल्या क्रूसापुढे रोज संध्याकाळी प्रार्थना व्हायची, तिथे गाण्याला सुरुवात बायने करायची हे ठरलेलं. पेटी नाही, काही नाही. ती सूर धरायची आणि सगळी गल्ली तिच्या मागून यायची. कधी फार उंच धरला तर पुरुष मागून ओरडायचे, "अगो खाली ये, मरतो आम्ही!" ती काय खाली येते! त्यांनाच वर चढायला लागायचं. मी तिचं लुगडं धरून शेजारी उभी असायचे आणि मला वाटायचं, गाणं हे हिच्याच गळ्यातून निघतं, बाकीचे नुसते उचलतात.

पुढे लग्न होऊन ती कोपरीला गेली, मी शाळेत नोकरीला लागले आणि बाळकुमलाच राहिले. आता आमच्याच शेतावर उभ्या राहिलेल्या बिल्डिंगमध्ये सातव्या मजल्यावर राहते. भावोजी गेले, बाय लेकी-जावयाबरोबर राहायला लागली. पण रविवारी दुपारी आम्ही दोघी डोंबिवलीला क्वायरच्या प्रॅक्टिसला जायचो, ते अठरा वर्षांत चुकलं नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या निरनिराळ्या चर्चमधली माणसं मिळून हा गाणाऱ्यांचा क्वायर झालेला. दोघं-तिघं तर चर्चशी काहीच संबंध नसलेले, नुसत्या गाण्याच्या वेडापायी आलेले. आमचे सर त्यांतलेच. डोंबिवलीचे, बँकेत नोकरी, शुद्ध बोलणं, कान असा तयार की पायपुसण्यावर टाचणी पडली तरी कुठल्या सुरात पडली ते सांगतील.

आमच्या क्वायरमध्ये एक पद्धत आहे. कुणाला सर्दी झाली, घसा बसला, तर त्याने घरी बसायचं नाही. रांगेत आपल्या जागी उभं राहायचं, सगळ्यांबरोबर श्वास घ्यायचा, तोंड उघडायचं, मिटायचं, पण आवाज काढायचा नाही. ह्याला आम्ही मासा होणं म्हणतो. "आज मी मासा हां," असं आल्या आल्या सांगून टाकायचं, सगळे हसतात, विषय संपला. पण मासा व्हायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. दुसऱ्या कुणाला "तू मासा हो" असं म्हणायचं नाही. हे कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण अठरा वर्षांत असं कुणी कुणाला म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. पहिली म्हणणारी मी.

झालं असं की न्यूझीलंडमधल्या एका तळ्याकाठच्या गावात देशोदेशीचे क्वायर जमतात, तिथून आम्हाला बोलावणं आलं. प्रत्येकाने तीन गाणी म्हणायची, वाद्य कुठलंच नाही. आम्ही वर्षभर तयारी केली. आणि त्याच वर्षात बायचा डावा कान जायला लागलेला. आदल्या वर्षी मोठा ताप येऊन गेला होता, त्यानंतरचं हे. तिला वाटायचं आम्हीच तोंडातल्या तोंडात बोलतो. "नीट बोल गो, तोंडात सुपारी आहे काय?" असं मलाच दरडावायची. गाताना तिचा सूर हळूहळू खाली सरकायचा आणि आवाज मात्र आधीपेक्षा मोठा लागायचा. मी तिच्या शेजारी उभी राहणार, मला कळायचं नाही तर कुणाला कळणार? डोंबिवलीच्या हॉलमध्ये सर कीबोर्ड वाजवायचे, त्याच्या आधाराने ती कशीबशी सावरायची. मी स्वतःला म्हणायचे, चाललंय तर चालू दे. तेव्हाच तिला कानाच्या डॉक्टरकडे ओढत नेली असती तर पुढचं काहीच झालं नसतं. पण तिला काही सांगायचं म्हणजे मला आजही धीर होत नाही, मग मी सांगतच नाही, आणि सांगते तेव्हा वाट्टेल तसं सांगते. हा माझा स्वभाव.

ती पहिल्यांदाच विमानात बसली. खिडकीशी बसून अर्धा प्रवास तिने खालचे ढग मला दाखवले, जसे काही माझ्या बाजूने ते दिसतच नव्हते. आणि ते गाव काय सांगू! तळं म्हणतात, पण पलीकडचा काठ दिसत नाही. दक्षिणेला बर्फ घातलेले तीन डोंगर, तिन्ही ज्वालामुखी. आमच्याबरोबर फिरायला दिलेली मुलगी म्हणाली की त्यांतले अजून जिवंत आहेत, आणि हे एवढं तळंसुद्धा पूर्वी डोंगर फुटून पडलेल्या खड्ड्यात पाणी भरून झालेलं. रस्त्याच्या कडेला जमिनीतून वाफ निघत होती आणि लोक तिथेच आइस्क्रीम खात उभे. बायने कपाळावर हात मारला. "अक्कल गहाण टाकलीय काय यांनी? पेटत्या चुलीवर हॉटेलं बांधलीत!"

मी म्हटलं, "आपण नाही खाडीत भराव टाकून टॉवर बांधले?"

"ते आपण नाय बांधले. आपण विकून बसलो," ती म्हणाली, आणि दोघी खूप हसलो. तिच्याबरोबर मोकळेपणाने हसल्याची ती शेवटची वेळ, हे तेव्हा कुठे माहीत होतं.

संध्याकाळी तिथल्या एका लाकडी हॉलमध्ये आमची प्रॅक्टिस झाली. कीबोर्ड नाही, काही नाही. गाणं संपलं की सर तोंडाने वाजवायच्या छोट्या पिपाणीत फुंकून बघायचे, सुरू केलेल्या सुरावरच संपवलं की नाही. पहिल्या गाण्याला ठीक. दुसऱ्याला किंचित खाली. तिसरं गाणं आमचं मराठी, संथ, लांब श्वासाचं. संपल्यावर सरांनी पिपाणी फुंकली आणि आमच्यातलीच एक तरुण मुलगी फिस्सकन हसली. सबंध सूर खाली आलेलो आम्ही. पुन्हा म्हटलं, पुन्हा तेच. सरांनी कुणाकडेच बघितलं नाही, पण ती मुलगी बायकडे बघत होती. माझं डोकं तापलं. तिच्यावर तापलं की बायवर, ते मला आजही नीट सांगता येत नाही. लाज वाटली एवढं खरं. माझ्या बहिणीची मला लाज वाटली.

बाहेर गाड्यांपाशी सरांनी मला बाजूला घेतलं. "ताई, त्यांच्याशी बोलायची माझी हिंमत नाही हो. तुम्ही घरच्या आहात. फक्त तिसऱ्या गाण्यात, तेही मधल्या दोन कडव्यांपुरतं, त्या नुसत्या उभ्या राहिल्या तर निभावेल. बाकी त्यांनी गावं. त्यांचा आवाज मला हवाच आहे." हे शब्द मला जसेच्या तसे आठवतात. विसरता आले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाय तळ्याकाठी होती. काठभर पांढुरके, भोकाभोकांचे दगड पडलेले, पाण्यात टाकले तर तरंगणारे. टाचा घासायला आपण वजरी वापरतो, तसलेच. तिला कोण आनंद झाला होता! "अगो बघ, वजऱ्या! सगळा किनारा वजऱ्यांचा! कोपरीतल्या सगळ्या बायांना एकेक नेते." साडी वर खोचून ती पाण्यात उभी, पिशवी अर्धी भरलेली. रात्रभर मी ठरवलेलं, गोडीने सांगायचं, कानाबद्दल आधी बोलायचं, मग हळूच त्या दोन कडव्यांचं. आणि तोंड उघडलं तर काय बाहेर पडलं?

"बाय, आज तू मासा हो."

ती हसली. "मला कुठे सर्दी झालीय?"

"सर्दी नाही. तुझा सूर उतरतो. सगळे तुझ्याबरोबर खाली येतात."

तिने हातातला दगड तसाच धरला. "कधीपासून?"

"वर्ष झालं."

"आणि तू आज सांगतेस?"

एवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण चूक आपली असली की माझा आवाज चढतो. "मग कधी सांगू? तुला काही सांगायची सोय आहे का? कान दाखव म्हटलं तर अंगावर येशील. इतक्या माणसांनी वर्षभर घाम गाळलाय, ते काय तुझ्यापायी पाण्यात घालायचं?"

तिने तो दगड पिशवीत टाकला. मग तिने विचारलं, "तिन्ही गाण्यांत?"

इथे मला फक्त नाही म्हणायचं होतं. दोन कडवी, बाय, फक्त दोन कडवी. पण मला वाटलं, आता परत मोजून मापून कुठे समजावत बसू, एकदाच काय ते सांगून मोकळं व्हावं. आणि खोटं कशाला बोलू, आपला क्वायर चांगला ठरावा ही हाव पण होती.

"तिन्ही," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली. पिशवीचं तोंड बांधलं, खोचलेली साडी खाली सोडली. मग विचारलं, "तू नाश्ता केलास का?"

कार्यक्रमाला आम्ही बायकांनी लाल चौकड्यांची लुगडी नेसली होती. तरुण मुलींना नेसता येत नाहीत, तर बायने एकेकीच्या निऱ्या काढून दिल्या, त्या हसणाऱ्या मुलीच्यासुद्धा. मग रांगेत येऊन माझ्या उजव्या हाताला उभी राहिली, नेहमीच्या जागी. सरांनी सूर दिला. माझ्या उजव्या कानाला लहानपणापासून तिच्या आवाजाची सवय, तिथे काहीच आलं नाही. फक्त तिचा श्वास ऐकू येत होता, अगदी जिथल्या तिथे. तोंड अचूक हलत होतं, मान वर, डोळे प्रेक्षकांवर, मराठी गाण्यात जिथे हसायचं तिथे हसू. इतका चांगला मासा आमच्यात कुणी झाला नसेल. मी एकदा वळून बघितलं तर तिने मला डोळ्यांनीच दटावलं, पुढे बघ.

तिसरं गाणं संपलं आणि सरांनी मुठीतल्या पिपाणीत हळूच फुंकलं. तंतोतंत. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मला आनंद झाला. हे लिहायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला नुसता आनंद झाला, उड्या माराव्याशा वाटल्या.

नंतर चहाच्या वेळी तिथलीच एक म्हातारी गोरी बाई काठी टेकत आली आणि तिने बायचा हात हातात घेतला. म्हणाली, मी सगळा वेळ तुमच्याकडेच बघत होते, किती मनापासून गाता हो तुम्ही, तुमचा आवाज मला सगळ्यांतून वेगळा ऐकू येत होता. आमच्या आजूबाजूची सगळी आपापल्या कपात बघायला लागली. बायला इंग्रजी बोलायला जमत नाही, पण कळतं सगळं. तिने त्या बाईचा हात दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाली, "थँक्यू." आणि मग माझ्याकडे न बघता केक घ्यायला गेली.

परत आल्यावर पहिल्या रविवारी ती आली नाही. गुडघा दुखतो म्हणाली. पुढच्या रविवारी पाहुणे. मग लेकीला दिवस गेले, तिला सोडून कसं येऊ. मी म्हटलं, रुसलीय, येईल. तिची लेक, माझी भाची, तिला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली, मशीन बसवलं, आता तिला व्यवस्थित ऐकू येतं. मला वाटलं, आता तरी येईल. आली नाही. एक दिवस भाचीच म्हणाली, "मावशी, आई घरात पण गात नाही गं. मासळी साफ करताना पण नाही. घर कसंसंच वाटतं."

मे महिन्यात ती बाळकुमला क्रूसापाशी आली. म्हाताऱ्या बाया तिच्या तोंडाकडे बघत थांबल्या, कधी सूर धरते म्हणून. बायने डोळे मिटून घेतले. शेवटी कुणीतरी मोबाईलवर गाणं लावलं आणि सगळे त्याच्याबरोबर पुटपुटले. मी का नाही धरला सूर, असं कुणी विचारेल. तोंड उघडलं होतं मी. ती शेजारी असताना नाही जमलं.

नाताळच्या आधी तिच्याकडे करंज्या करायला बसलो तेव्हा मी एकदाचं ओकून टाकलं. म्हटलं, "बाय, सरांनी तिसऱ्याच गाण्याचं म्हटलेलं. तेही दोन कडव्यांचं. तिन्हीचं माझ्या मनाचं होतं."

तिचा हात थांबला नाही. करंजीची कड दाबत दाबत म्हणाली, "ठाऊक आहे. सरांचा फोन आला तेव्हा बोलले ते."

"मग मला बोलली का नाहीस? चार शिव्या तरी घालायच्या!"

"शिव्या कशाला? खोटं कुठे बोललीस तू? उतरत होतेच मी." तिने ती करंजी ताटात ठेवली आणि दुसरी घेतली. "मला तेवढंच लागतं गो, की वर्षभर तुम्हा सगळ्यांना माहीत होतं. तुला माहीत होतं. मी आपली तोंड वर करून गातेय, मला वाटतंय काय छान चाललंय, आणि तू बाजूला उभी राहून सोसतेयस. आता तोंड उघडलं की तेच येतं मनात. बाजूला कोण सोसतंय."

मी रडले. तिने माझे डोळे पुसले, पिठाच्या हातांनी, लहानपणी पुसायची तसे. म्हणाली, "झालं आता. सोड." मला वाटलं, सुटले. माफ केलं तिने. तिने माफ केलंच होतं, त्यात खोट नव्हती. पण गाणं काही माझ्यावरच्या रागाने बंद नव्हतं झालेलं, की राग गेला आणि चालू झालं.

भाचीला पावसाळ्यात मुलगी झाली होती, ती आता सात-आठ महिन्यांची. फेब्रुवारीत एका सकाळी मी न कळवता कोपरीला गेले, बाळाला झबली द्यायची होती. भाची आणि जावई कामावर गेलेले. दुसऱ्या मजल्यावर पोहोचले आणि पाय थांबले. वरून गाणं येत होतं. बाय गात होती. आमचंच ते तिसरं गाणं, मोठ्याने, अगदी मोकळ्या गळ्याने. बाळ कानाशी ओरडतं म्हणून मशीन काढून ठेवलं असणार, कारण सूर खाली खाली सरकत होता, दुसऱ्या कडव्याला तर पार घसरला. मी पायरीवर बसले. इतकं सुंदर मी काही ऐकलेलं नाही. तोंडावर पदर दाबून ऐकत राहिले. संपूर्ण गाणं झालं, तिने पुन्हा पहिल्यापासून धरलं.

तेव्हाच उठून खाली निघून जायचं होतं. पण मला राहवलं नाही. मला ती समोर गाताना बघायची होती. मी वर गेले. दार लोटलेलंच होतं, ते ढकललं. बाय पलंगावर बसलेली, नात मांडीवर. मला बघितलं आणि ओळ अर्ध्यावर सोडून गप्प झाली.

"कधी आलीस?" तिने विचारलं आणि मशीन कानात घातलं.

"आत्ताच," मी म्हटलं. "गा ना. थांबलीस का?"

गाणं तुटलं तशी नात कुरकुरायला लागली, मग रडायला लागली. बायने तिला थोपटलं, हलवलं, पण तोंड मिटलेलंच. पोर लाल होईपर्यंत रडतेय आणि ही नुसती हलवतेय. मग तिने नात उचलून माझ्या मांडीवर दिली. "घे, तू म्हण. तुझा सूर पक्का आहे." टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर बरं वाटलं असतं.

मी म्हटलं. अचूक म्हटलं, सरांनी शिकवलं तसं, एक केस इकडेतिकडे नाही. पोर थांबली नाही. उलट जास्तच ओरडायला लागली, मान वळवून वळवून आजीकडे बघत. शेवटी मी म्हटलं, "बाय, घे गो तिला. तिला तुझंच पाहिजे. म्हण ना तू, मी पाया पडते तुझ्या."

बायने नात घेतली, खांद्यावर टाकली. मग अगदी मायेने, मला वाईट वाटू नये म्हणून जपून, म्हणाली,

"तू गेलीस की म्हणेन."

मी झबली टीपॉयवर ठेवली आणि उठले. दार ओढून घेतलं. दुसऱ्या मजल्यावर उतरले तोवर वरचं रडणं थांबलेलं. मी ऐकायला थांबले नाही.